लहानग्यांचा त्रागा : पाण्यावरची रेघ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित पालक मेळाव्यातील व्याख्यान)



स्वामिवात्सल्याची पंगत असो, लग्नाचा मांडव असो वा देरासराची पायरी, एक दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. दोन-अडीच वर्षांचे मूल हवी ती वस्तू न मिळाल्याने फरशीवर अंग टाकते, किंचाळते आणि कपाळ जमिनीवर आपटू लागते. कोणी स्वतःचे केस उपटते, कोणी हाताला चावा घेते, कोणी गालांवर चापट्या मारून घेते. क्षणात भोवती वीस माणसे जमतात. एक जण म्हणतो, देऊन टाका, रडवता कशाला? दुसरा म्हणतो, एक लगावा म्हणजे सुधारेल. तिसरा निमूटपणे खिशातला मोबाईल पुढे करतो. आणि कोणी तरी आईला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटते, लाडाने बिघडवले आहे. मुलाचे कपाळ दुखते ते थोडा वेळ. आईच्या मनाला लागलेले पुष्कळ दिवस राहते.

मराठीत या वर्तनाला हट्ट, थयथयाट, आकांडतांडव असे अनेक शब्द आहेत. परंतु रागाच्या भरात स्वतःलाच इजा करून घेण्यासाठी एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे त्रागा. गुजरातीत तोच शब्द ‘त्रागुं’ असा आहे. ज्या कुटुंबांचे मूळ काठियावाड, हालार वा कच्छमध्ये आहे, त्यांच्या वाडवडिलांना हा शब्द केवळ रुसव्याचा नाही हे ठाऊक होते. त्या मुलखात चारण आणि भाट करारांना जामीन राहत असत. करार मोडला गेला की जामीन राहिलेला चारण मोडणाऱ्याच्या दारात जाई आणि स्वतःच्याच अंगावर कट्यार चालवी. या रक्ताचे पाप आपल्या माथी बसेल, या धाकाने समोरचा मनुष्य वठणीवर येई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही रीत तेथे चालू होती. प्रौढांचा त्रागा हे अशा रीतीने एक शस्त्र होते. आपल्या जखमेची समोरच्याला किती भीती वाटेल, याचा पक्का हिशेब त्यामागे असे.

दोन वर्षांच्या मुलाला हा हिशेब येत नाही. त्याचे डोके आपटणे हा डाव नसतो, ती केवळ अनावर झालेली भावना असते. घरातील मोठ्यांना मात्र दारात चारण उभा आहे असेच वाटते. मग ते एक तर शरण जातात किंवा हात उगारतात. खरी अडचण येथून सुरू होते, कारण या दोन्ही प्रतिसादांतून मूल तो हिशेब शिकू लागते. डोके आपटल्याबरोबर मागितलेली वस्तू हाती आली, तर डोके आपटणे उपयोगाचे आहे हे त्याला कळते. डोके आपटल्याबद्दल मार मिळाला, तर राग आला की अंगाला इजा करायची असते हेच त्याला पुन्हा एकदा दिसते. फरक इतकाच की आता इजा करणारा हात मोठा असतो.

हे वय इतके अवघड का, याचा थोडा विचार करावयास हवा. दीड-दोन वर्षांचे मूल चालू लागते, चढू लागते, त्याला ‘मी’ सापडतो. परंतु जवळ शब्द पन्नासच्या आसपास आणि वाक्ये दोन शब्दांची. इच्छा डोंगराएवढी आणि ती सांगण्याचे साधन वीतभर. त्यातच मेंदूचा पुढचा भाग, ज्याच्या आधाराने मोठी माणसे राग गिळतात, तो या वयात अगदी अपक्व असतो. फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ महिलेने १९३१ मध्ये लहान मुलांच्या रागावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी आयांनी घरी रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या. रागाचे उद्रेक दुसऱ्या वर्षी सर्वाधिक असतात आणि भूक, थकवा व आजारपण यांच्या वेळी ते वाढतात, असे त्यांतून दिसले. आजही बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात. साधारण एक ते चार वर्षांच्या दरम्यान हा काळ असतो, बहुतेक उद्रेक काही मिनिटांत ओसरतात आणि भाषा येऊ लागली की त्यांची संख्या आपोआप घटते.

यातील अधिक उपयोगी माहिती २०११ मध्ये पुढे आली. मायकेल पोटेगल आणि जेम्स ग्रीन या अभ्यासकांनी मुलांच्या अंगरख्यात लहानसा ध्वनिग्राहक शिवून त्यांच्या आकांताचे आवाज टिपले. ओरडणे व किंचाळणे हे रागाचे आवाज, तर रडणे, कुरकुरणे आणि मुसमुसणे हे दुःखाचे. पूर्वी समज होता की आधी राग आणि मागून दुःख येते. प्रत्यक्षात दुःख आरंभापासूनच असते आणि रागाची लाट त्यावर उसळून खाली येते. राग शिखरावर असताना ‘काय झाले, असे का करतोस, हे हवे की ते हवे’ असे प्रश्न विचारले की ती लाट लांबते. मध्ये न पडता तिला उतरू दिले की उरते ते दुःख, आणि दुःखी मूल आपणहून कुशीत शिरते. आपल्याकडील जुन्या आजीबाई हे न शिकता करीत. मुलाजवळ नुसत्या बसून राहत, तांदूळ निवडत.

आता डोके आपटण्याविषयी. हे दिसते तितके दुर्मिळ नाही. शंभर निरोगी बालकांतील पाच ते वीस बालके केव्हा ना केव्हा असे करतात आणि त्यांत मुलींपेक्षा मुलांचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. याचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. झोप येताना पाळण्यात वा गादीवर एका लयीत डोके आपटणारे मूल रागावलेले नसते. ते त्या लयीने स्वतःला जोजवीत असते. हा प्रकार बहुधा वर्षाच्या आतच सुरू होतो आणि तीन-चार वर्षांपर्यंत थांबतो. दुसरा प्रकार रागातला. त्यातही गंभीर इजा क्वचितच होते, कारण वेदना झाली की मूल जोर कमी करते. तरीही फरशीची कड, संगमरवरी पायरी वा लोखंडी खाटेचा कोपरा यांपासून त्याला दूर न्यावेच लागते. वारंवार कानावर हात मारणारे वा एकाच बाजूने डोके घासणारे मूल असेल, तर रागाचा विचार बाजूला ठेवून प्रथम कान तपासून घ्यावा. कानदुखी सांगता न येणारे मूल ती अशीच सांगते.

याहून घाबरवून सोडणारा एक प्रकार आहे. रडता रडता मुलाचा श्वास कोंडतो, ओठ निळे पडतात, अंग ताठ वा सैल होते आणि ते क्षणभर शुद्ध हरपते. शंभरात सुमारे पाच मुलांना हे होते. मूल हे मुद्दाम करीत नाही आणि बहुधा मिनिटभरात श्वास आपोआप परत येतो. अशा वेळी मुलाला कुशीवर निजवावे. त्याला गदागदा हलवू नये, तोंडात बोट वा पाणी घालू नये, कांदा हुंगवू नये. जैन घरात कांदा नसतोच, पण शेजारी तो घेऊन धावत येतात! पहिल्या वेळी मात्र डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे, आणि श्वास मिनिटभरात परत आला नाही तर तत्काळ.

येथे एक मुद्दा आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावा. श्वास कोंडण्याचा आणि रक्तातील लोहाच्या कमतरतेचा संबंध वैद्यकशास्त्राने दाखवून दिला आहे. कमतरता भरून काढली की पुष्कळ मुलांचे हे झटके कमी होतात. मुलाची एकूण चिडचिडही लोहाच्या अभावी वाढते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. ही केवळ गरिबांची मुले नव्हेत. सुखवस्तू घरांत मुलाने जेवण नाकारले की दुधाचा पेला पुढे केला जातो, दिवसातून तीन-चार वेळा. दुधात लोह नगण्य असते आणि पोट मात्र त्यानेच भरते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असते, तेव्हा बाजरी, डाळी, खजूर आणि अळीव यांची आठवण ठेवावी व वरणावर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. औषध मात्र रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे.

आता शास्त्राकडे वळावे. क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय पाठशाळेतील बालकही म्हणून दाखवते. क्रोधाच्या चार कोटींना दिलेले दृष्टांतही परिचित आहेत. अनंतानुबंधी क्रोध पर्वताला पडलेल्या भेगेसारखा, अप्रत्याख्यानावरण जमिनीच्या भेगेसारखा, प्रत्याख्यानावरण वाळूवरील रेघेसारखा आणि संज्वलन पाण्यावरील रेघेसारखा. त्यांचा काळही सांगितला आहे : जन्मभर, वर्षभर, चार महिने आणि पंधरा दिवस. कोणत्या जीवाचा कषाय कोणत्या कोटीचा हे केवलीच जाणोत. येथे केवळ दृष्टांत घ्यावयाचा आहे. बालकाचा राग डोळ्यांना दिसतो तो पाण्यावरील रेघेसारखा. पाच मिनिटांपूर्वी ज्या काकांना त्याने ओरबाडले, त्यांच्याच मांडीवर ते जाऊन बसते. काकांचा राग मात्र संवत्सरीपर्यंत टिकतो, आणि कधी कधी संवत्सरीनंतरही. मुलावर बसलेला ‘हट्टी’, ‘तापट’, ‘अगदी आजोबांवर गेला आहे’ हा शिक्का तर जमिनीच्या भेगेसारखाच असतो. पाण्यावरची रेघ मोठी माणसे दगडावर कोरून ठेवतात.

बालकाकडे पाहण्याची दृष्टी आगमांतही आहे. बालमुनी अइमुत्ता यांची कथा भगवतीसूत्रात येते. पावसानंतर वाहत्या पाण्याला मातीची पाळ घालून त्यांनी आपले पात्र त्यात सोडले आणि ‘माझी नाव, माझी नाव’ म्हणत ते खेळू लागले. स्थविर मुनींना हे रुचले नाही. भगवान महावीरांनी त्यांना सांगितले की हा याच भवात मुक्त होणार आहे. त्याची हेटाळणी करू नका, न थकता त्याला सांभाळा. अप्काय जीवांची विराधना झाली ही गोष्ट त्या कथेत लपवलेली नाही. चूक चूकच राहिली आणि हेटाळणीही झाली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे कठीण आहे, म्हणूनच ती कथा पुन्हा वाचण्याजोगी आहे.

मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली पाहून चालणाऱ्या घरांत मुलाच्या पाठीवर मात्र हात सहज उठतो, ही विसंगती स्पष्टपणे मांडली पाहिजे. आणखी एक गंमत पाहावी. मूल धडपडले की मराठी घरात म्हणतात, ‘मुंगी मेली बघ!’ गुजराती घरात तेच ‘कीडी मरी गई’. मूल दुखणे विसरून मुंगी शोधू लागते. जैन घरातही हे सर्रास म्हटले जाते! जमिनीला चापट मारून ‘जमिनीला हत्ता केले’ असे समाधान करण्याचीही पद्धत आहे. मुलाला कोणी दुखावले तर उलट मारायचे, हा पहिला धडा त्याला असा प्रेमानेच मिळतो. पुढे ते आईला चापट मारते तेव्हा हे कोठून शिकले, असे आश्चर्य करू नये.

मारू नये आणि आमिषही दाखवू नये, हे सांगणारी परंपरा आपल्या दारात आहे. भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेका यांना गुजरात ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशाळ आई म्हणून ओळखतो. शिक्षा आणि बक्षीस या दोहोंना त्यांचा सारखाच विरोध होता. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी ते विचार मराठीत आणले, १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षणाचे कार्य उभे केले. बोर्डी-कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, म्हणजे भिवंडीच्याच जिल्ह्यात. आदिवासी पाड्यांवरील मुले जेथे छडीशिवाय शिकली, तेथून इतक्या जवळ असलेल्या शहरात ‘छडीशिवाय मूल वळणावर येत नाही’ हे वाक्य ऐकू यावे, हे खेदाचे आहे.

भिवंडीच्या घरांची स्वतःची परिस्थिती आहे. वडील लूमवर वा गोदामावर, रात्री उशिरा घरी येणारे. आई दिवसभर दोन-तीन खोल्यांत. वर एकत्र कुटुंबाची वर्दळ. एकत्र कुटुंबासारखा आधार नाही, परंतु त्याची एक अडचणही आहे. आईने ‘नाही’ म्हटलेले बिस्किट आजोबा देतात, आजोबांनी नाकारलेली गोष्ट काका देतात. मूल मग रडण्याचा आवाज वाढवत योग्य माणूस येईपर्यंत वाट पाहते. यासाठी मोठ्यांनी मुलाच्या मागे एकदा बसून ठरवावे की कोणत्या चार-पाच गोष्टींना ठाम नकार असेल. बाकीच्या शंभर गोष्टींना पहिल्याच मागणीला होकार द्यावा. रडून झाल्यावर दिलेला होकार सर्वांत महाग पडतो.

प्रत्यक्ष उद्रेकाच्या वेळी करावयाचे थोडेच असते. मुलाला गर्दीतून उचलून शांत, मऊ जागी न्यावे; गोधडी अंथरलेली असेल तर उत्तम. एकच मोठे माणूस जवळ राहावे, बाकीच्यांनी उठून जावे. बघे जमले की मुलाचा आणि आईचा दोघांचाही धीर सुटतो. मूल स्वतःला मारीत असेल तर त्याचे हात हळुवार धरावेत, डोके व जमीन यांच्या मध्ये आपला तळहात वा उशी ठेवावी, आणि ‘तुला राग आला आहे. डोक्याला लागू देणार नाही.’ इतकेच, एकदाच, हलक्या स्वरात म्हणावे. उपदेश नाही, हसणे नाही, वस्तूही नाही. लाट उतरली की जवळ घ्यावे, पाणी द्यावे. झाल्या प्रकारावर प्रवचन करू नये. सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटे मन, वचन आणि काया आवरून बसण्याचा सराव असलेल्या आजी-आजोबांना ही पाच मिनिटे इतरांहून सोपी जावीत. आणि मूळ कारण भूक वा झोप असेल, तर रात्री दहाच्या भावनेला दोन वर्षांच्या मुलाला नेऊन तेथे त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करणे हा मुलाचा दोष नव्हे.

मोबाईलविषयी थोडे अधिक बोलणे प्राप्त आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत. शासनाने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी १९२० नंतरच्या दोन वर्षांत या कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ही प्रथा जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे त्यांना आढळले. त्या माता दुष्ट नव्हत्या. मूल निजले नाही तर मजुरी बुडत होती. आजची यंत्रमागाच्या गावातील माताही दुष्ट नाही. पण मूल शांत करण्यासाठी हाती दिलेला मोबाईल त्या गोळीसारखाच वागतो. तो काढून घेतल्यावरचा आकांत पहिल्यापेक्षा मोठा असतो आणि स्वतःला सावरण्याचा सराव मुलाला कधी मिळतच नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांपर्यंत पडदा मुळीच दाखवू नये, दूरच्या नातलगांशी बोलण्याचा अपवाद वगळता. आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास.

शेवटी सर्वांत गंभीर भाग. ‘मोठा झाला की सुधारेल’ हे वाक्य बहुतेक मुलांच्या बाबतीत खरे ठरते, आणि ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत ते खरे नसते त्यांची दोन-तीन मोलाची वर्षे त्यातच जातात. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, दीड वर्षाचे होऊनही बोट दाखवून काही मागत नाही, नजरेला नजर देत नाही, आलेले शब्द विसरते, आणि त्याबरोबर डोके आपटते वा हात चावते, तर हा हट्ट नव्हे. श्रवणदोष, स्वमग्नता वा विकासातील अन्य विलंब यांची तपासणी करून घ्यावी. लूमच्या खडखडाटात सर्वच मोठ्याने बोलत असल्याने मूल हाकेला ओ देत नाही हे येथे उशिरा लक्षात येते, म्हणून कानाची तपासणी आधी. सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांविषयी काही धोक्याच्या खुणा नोंदवल्या आहेत : जवळजवळ प्रत्येक उद्रेकात स्वतःला इजा करणे, उद्रेक पंचवीस मिनिटांहून अधिक चालणे, दिवसातून अनेकदा होणे आणि मोठ्यांच्या मदतीवाचून शांत होता न येणे. यांपैकी काही दिसले, अथवा कोणत्याही वयात जखम वा रक्त येण्याइतका मार मूल स्वतःला देत असेल, तर दृष्ट काढायची ती काढावी, पण डॉक्टरांची वेळ त्याच दिवशी घ्यावी.

त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. त्याअंतर्गत अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी होते, आणि विकासातील विलंब हा तपासणीच्या चार मुख्य विषयांपैकी एक आहे. जी मुले अंगणवाडीत जात नाहीत, आणि आपल्या समाजातील बहुतेक जात नाहीत, त्यांना ही तपासणी आपोआप मिळत नाही. त्यांच्या पालकांनी स्वतः बालरोगतज्ज्ञांकडे विषय काढावा. मुंबईत २००१ पासून कार्यरत असलेले ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र आहे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे एक वही ठेवावी. तारीख, वेळ, आधी काय घडले, किती मिनिटे चालले, मुलाने स्वतःला काय केले आणि घरच्यांनी काय केले, इतके रोज लिहावे. शक्य तर एखादा उद्रेक मोबाईलवर चित्रित करून न्यावा, कारण दवाखान्यात मूल बहुधा शहाण्यासारखे बसते. आणि त्या दिवशी आईबरोबर वडिलांनीही जावे. गोदाम एक दिवस दुसऱ्याने उघडले तरी चालते.

जय जिनेंद्र.